एक्स सर्व्हर नेमका कुठे बसतो? : एक्स फॉरवर्डिंग आणि व्हीएनसी

छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयातील प्रयोगशाळेत उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारा एक दणकट संगणक आहे. बीड, अंबाजोगाई, जालना येथे घरी बसलेले विद्यार्थी आपल्या विंडोजच्या लॅपटॉपवरून त्यावर क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम चालवतात आणि मांजरा खोऱ्याचे नकाशे तयार करतात. त्या संगणकाची देखभाल माझ्याकडे असल्याने एक प्रश्न मला दर सत्रात ऐकावा लागतो : ‘सर, एक्स फॉरवर्डिंग जमत नसेल तर व्हीएनसी वापरतो, दोन्ही एकच ना?’ एक्स फॉरवर्डिंग म्हणजे दूरच्या प्रोग्रामची खिडकी एसएसएच या कूटबद्ध जोडणीतून आपल्या पडद्यावर आणणे, आणि व्हीएनसी म्हणजे दूरच्या यंत्राचे अख्खे डेस्कटॉप आपल्याकडे पाहणे. दोन्हींत गणित तिकडच्या यंत्रावर होते, फाईल तिकडच्याच डिस्कवर साठते आणि चित्र मात्र आपल्या पडद्यावर दिसते, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. तरीही या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि त्यांच्यातला जवळपास प्रत्येक फरक एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणारा प्रोग्राम, कोणत्या यंत्रावर बसला आहे यातून निघतो.

एक्स विंडो प्रणालीची सुरुवात 1984 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाली आणि आज वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती 1987 ची आहे. तिच्यातील नावे नवख्याला उलटी वाटतात. सर्व्हर म्हणजे दूरचा मोठा संगणक, अशी आपली सवय. परंतु एक्सच्या भाषेत पडदा, कळफलक आणि माऊस ज्याच्या ताब्यात असतो तो सर्व्हर, आणि त्याच्याकडे ‘मला एक खिडकी काढून दे’ अशी मागणी करणारा प्रोग्राम हा क्लायंट. म्हणजे अंबाजोगाईच्या मुलीच्या लॅपटॉपवर सर्व्हर चालतो आणि संभाजीनगरचे क्यूजीआयएस त्याचे गिऱ्हाईक ठरते. विंडोजमध्ये हा सर्व्हर मुळात नसतो, म्हणून व्हीसीएक्ससर्व्ह किंवा एक्समिंगसारखा प्रोग्राम आधी बसवून चालू ठेवावा लागतो. मोबाएक्सटर्ममध्ये तो सोबतच येतो. प्रत्येक दूरस्थ खिडकी मग आपल्या वर्ड किंवा ब्राउझरच्या शेजारी सुटी उघडते, आणि ती परक्या यंत्राची आहे हे फाईल साठवण्याची चौकट उघडून त्यात ‘सी’ ड्राइव्ह सापडला नाही की मगच लक्षात येते.

व्हीएनसीचा जन्म 1990 च्या दशकात इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत झाला. त्यात एक्स सर्व्हर नाहीसा होत नाही, तर तो दूरच्या यंत्रावर जातो. लिनक्सवरचा टायगरव्हीएनसीसारखा व्हीएनसी सर्व्हर स्वतःच एक एक्स सर्व्हर असतो. फरक इतकाच की त्याचा पडदा काचेचा नसून त्या यंत्राच्या स्मृतीत असतो. सगळे प्रोग्राम त्या अदृश्य पडद्यावर आपापले चित्र काढतात आणि पडद्याच्या बदललेल्या भागाची प्रतिमा तेवढी आपल्याकडे पाठवली जाते. आपल्याला दिसते ते एका चौकटीतले अख्खे डेस्कटॉप. मायक्रोसॉफ्टचे आरडीपी हे दूरस्थ डेस्कटॉपचे साधनही वापरणाऱ्याच्या नजरेतून याच बाजूला पडते आणि लिनक्सवर ते एक्सआरडीपीने मिळते. येथे त्यावर अधिक लिहीत नाही.

वेगाचा मुद्दा रांगोळीने चांगला समजतो. फोनवरून कोणी ‘सात बाय सात ठिपके काढ, तिसऱ्या ठिपक्यापासून पाचव्यापर्यंत रेघ ओढ’ असे सांगत जावे आणि आपण आपल्या अंगणात रांगोळी काढावी, ही एक्सची मूळ रीत. काढून झालेल्या रांगोळीचा फोटो पाठवणे ही व्हीएनसीची. शब्द फोटोपेक्षा हलके, म्हणून एक्स जलद असणार, असे वाटते, आणि साध्या, जुन्या प्रोग्रामच्या बाबतीत जवळच्या जाळ्यावर ते खरेही ठरते. परंतु सांगणारा मधेमधे ‘झाली का रेघ? निळा रंग शिल्लक आहे का?’ असे विचारत राहतो आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. प्रयोगशाळेच्या आतल्या जाळ्यावर हा खोळंबा जाणवत नाही. गावाकडच्या मोबाईल हॉटस्पॉटवर मात्र प्रत्येक प्रश्नोत्तराचा उशीर साचत जातो आणि मेन्यू उघडायलाही तिष्ठावे लागते. त्यात क्यूटी आणि जीटीके या खिडक्या-बटणांच्या तयार संचांवर बांधलेले आजचे प्रोग्राम बहुतांश चित्र स्वतःच रंगवून एक्सकडे तयार प्रतिमा सोपवतात, म्हणजे फोनवरून सांगण्याच्या वाटेनेही अखेर फोटोच येतो, आणि तोही व्हीएनसीइतका दाबून लहान केलेला नसतो. क्यूजीआयएसमध्ये नकाशा सरकवताना हे ठळकपणे दिसते.

मराठवाड्यात याहून निर्णायक ठरते ती लाईट. एक्स फॉरवर्डिंगमध्ये सर्व्हर आपल्या लॅपटॉपवर असल्याने घरची लाईट जाऊन राउटर बंद पडला आणि जोडणी तुटली की दूरच्या प्रोग्रामच्या दृष्टीने पडदाच नाहीसा होतो आणि तो तेथल्या तेथे बंद पडतो. न साठवलेले काम गेले. व्हीएनसीत पडदा तिकडेच असल्याने क्यूजीआयएस आपल्या गतीने चालू राहते, आणि दोन तासांनी पुन्हा जोडले तर माऊसचा बाणसुद्धा सोडला होता तेथेच सापडतो. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या कामासाठी मी व्हीएनसीच सुचवतो, आणि एखादा आलेख पाहायचा किंवा एकच खिडकी पाच मिनिटे उघडायची असेल तर एक्स. सुट्या खिडक्या हव्यात आणि जोडणी तुटल्यावर काम टिकायलाही हवे, असे असेल तर एक्सप्रा नावाचे साधन वापरावे. त्याची मांडणी सोपी नाही, पण एकदा जमल्यावर मी ते सोडलेले नाही.

‘डिस्प्ले उघडता येत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली की बहुतेक जण स्वतःच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता दूरच्या यंत्रावरील डिस्प्ले या चलात (पडदा कोठे आहे हे प्रोग्रामला सांगणाऱ्या नोंदीत) हाताने भरतात, आणि चूक तेथेच होते. एसएसएच ते चल स्वतः भरते. त्यात सहसा ‘लोकलहोस्ट:10.0’ दिसते आणि ते तसेच राहू द्यायचे असते, कारण त्याच वाटेने मजकूर कूटबद्ध होऊन येतो. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : लॅपटॉपवर एक्स सर्व्हर खरोखर चालू आहे का, पुटी या एसएसएचने जोडणाऱ्या प्रोग्रामच्या एसएसएच विभागात एक्स11 फॉरवर्डिंगची खूण केली आहे का, आणि दूरच्या यंत्रावर ती सोय चालू असून एक्सऑथ हे पडदा वापरण्याच्या परवानगीची किल्ली सांभाळणारे साधन बसवलेले आहे का. व्हीएनसीची अडचण उलट दिशेची आहे. ते मुकाट्याने चालू होते, परंतु त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जातात आणि पुढची देवाणघेवाण उघडी राहते, म्हणून त्याचे 5901 हे पोर्ट इंटरनेटवर मोकळे न सोडता एसएसएचच्या बोगद्यातूनच न्यावे.

एका बाबतीत दोन्ही व्यवस्था सारख्याच आहेत, आणि नेमकी तीच पुष्कळांना चकवते. अंबाजोगाईच्या एका विद्यार्थिनीच्या नकाशावर गावांच्या नावांऐवजी रिकामे चौकोन येत होते. तिने विंडोजमध्ये देवनागरीचे चार फॉन्ट बसवले, मग एक्स सोडून व्हीएनसी घेतले, तरी चौकोन हलले नाहीत. आजचे प्रोग्राम अक्षरे स्वतः काढतात, त्यामुळे पडदा कोठेही असला तरी फॉन्ट लागतो तो प्रोग्राम चालतो त्या यंत्रावर. मी प्रयोगशाळेतील संगणकावर लोहित देवनागरी बसवून तिला क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडायला सांगितले. चौकोनांच्या जागी केज, धारूर, परळी अशी नावे आली; नकाशातील माहितीचा थर जुना होता, म्हणून खालच्या बाजूला धाराशिवऐवजी उस्मानाबाद उमटले.