विद्यार्थी सांस्कृतिक आदानप्रदान आणि दहशतवादाचा प्रतिबंध : सोलापूरच्या संदर्भात

वेगवेगळ्या देशांतील, धर्मांतील किंवा भाषांतील विद्यार्थ्यांनी काही काळ एकमेकांच्या घरी राहून, एकाच वर्गात शिकून परस्परांना ओळखण्याची शैक्षणिक पद्धत. परक्या समाजाविषयीच्या ठोकळेबाज समजुती ढिल्या व्हाव्यात आणि त्यांवर पोसल्या जाणाऱ्या हिंसक विचारांना तरुणांत थारा मिळू नये, हा तिचा हेतू असतो. पोलीस तपासाची जागा ती घेत नाही. तिचे काम त्याच्या कितीतरी आधी, शाळकरी वयात सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीला संघटित रूप आले. युद्धाची सुरुवात माणसाच्या मनात होते, म्हणून शांततेची तटबंदीही मनातच उभारली पाहिजे, ही भूमिका युनेस्कोच्या १९४५ च्या घटनेत मांडली आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत इतर देशांशी विद्यार्थी-अध्यापकांची देवाणघेवाण करणारी फुलब्राइट शिष्यवृत्ती सुरू झाली. युद्धभूमीवर रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांची अमेरिकन फील्ड सर्व्हिस ही संघटना युद्धानंतर शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीकडे वळली. सर्वांत बोलके उदाहरण फ्रान्स आणि जर्मनीचे. पाऊणशे वर्षांत तीनदा एकमेकांशी लढलेल्या या देशांनी १९६३ च्या एलिझे करारानंतर संयुक्त युवा कार्यालय काढले आणि त्यामार्फत आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशात जाऊन आले.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर या विषयाला वेगळी निकड आली. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोढी या शीख दुकानदाराची हत्या झाली. दाढी आणि पगडी पाहून मारेकऱ्याने त्यांना अतिरेकी ठरवले होते. दहशतवाद आणि ठोकळेबाज समजूत एकमेकांना कसे खतपाणी घालतात, हे या एका घटनेतून दिसते. २००२ मध्ये अमेरिकेने मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या देशांतील शाळकरी मुलांसाठी ‘येस’ नावाची योजना सुरू केली. तिच्यात भारताचाही समावेश झाला. विद्यार्थी एक शैक्षणिक वर्ष यजमान कुटुंबात राहतो, तिथल्या शाळेत शिकतो, समाजसेवा करतो आणि आपल्या देशाविषयी तिथल्या मुलांशी बोलतो.

मात्र परदेशात शिकले की मन आपोआप मोकळे होते, असे मानणे चुकीचे आहे. २००१ च्या हल्ल्याचा म्होरक्या मोहम्मद अता हॅम्बुर्गमध्ये नगररचना शिकला होता. पुढच्या जहाल इस्लामी गटांवर ज्यांच्या लेखनाचा प्रभाव पडला ते इजिप्तचे सय्यद कुत्ब १९४८ ते १९५० या काळात अमेरिकेत राहिले आणि त्या समाजाविषयी अधिक कडवट होऊन परतले. पदवी, प्रवास किंवा सुबत्ता यांपैकी कशानेही दहशतवादाला खात्रीने आळा बसत नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्याने हे आधी मान्य केले पाहिजे, नाहीतर सहली आणि छायाचित्रे यांवरच समाधान मानले जाते.

मग उपयोग कशाचा होतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये, दोन गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हावा यासाठी चार अटी सांगितल्या : दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला सहकार्य लागावे आणि संस्थेचा त्याला उघड पाठिंबा असावा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्क वाढला की पूर्वग्रह सहसा कमी होतो, असे त्यांना आढळले. या अटी पाळल्या गेल्या तिथे परिणाम अधिक ठळक होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी यातूनच एक वर्गपद्धत बसवली. धड्याचा एकेक भाग एकेका मुलाकडे द्यायचा. बाकीच्यांचे ऐकल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होत नाही.

सोलापूरला हा विषय दूरचा नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा इथे घराघरांत बोलल्या जातात आणि महापालिकेच्या शाळाही या चारही माध्यमांत चालत आल्या आहेत. मातृभाषेत शिक्षण मिळणे ही शहराची मोठी मिळकत आहे, ती गमावू नये. पण तिची एक बाजू अशीही आहे की पूर्व भागातले तेलुगू भाषिक पद्मशाली विणकरांचे मूल, विजापूर वेशीतले उर्दू शाळेतले मूल आणि कन्नड शाळेतले लिंगायत मूल दहावीपर्यंत एका बाकावर येतच नाहीत. बाजारात, रिक्षात, यंत्रमागाच्या कारखान्यात भेट रोज होते. मात्र ती गिऱ्हाईक आणि दुकानदार, मालक आणि कामगार अशी असते. ऑलपोर्ट यांची समान दर्जाची अट तिथे पुरी होत नाही. कुठे स्फोटाची बातमी आली की एका वस्तीकडे संशयाने पाहिले जाते ते या अनोळखीपणामुळे, आणि ‘तुम्हाला इथे कोणी आपले मानणार नाही’ असे त्या वस्तीतल्या पोराला सांगणाऱ्याचेही त्यामुळेच फावते.

शहराचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायद्यानंतर) मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिले गेले. चौघांचे समाज वेगळे आणि लढा एक, हे चार हुतात्मा चौकातून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला समजले पाहिजे. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, चिनी भाषा शिकले, तिथेच लग्न केले आणि १९४२ मध्ये रुग्णसेवा करतानाच वारले. परक्या समाजात पाहुणा म्हणून न राहता सहकारी होऊन राहणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला सोलापूरकराला बाहेर जावे लागत नाही.

देशांतर्गत आदानप्रदानाची चौकटही तयार आहे. मोहोळ तालुक्यात पोखरापूरला जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा आहे. नवोदय व्यवस्थेत नववीतील काही विद्यार्थ्यांना वर्षभर हिंदी आणि अहिंदी भाषिक प्रदेशांत परस्परांकडे पाठवण्याची तरतूद आहे. २०१५ मध्ये घोषित झालेल्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या राज्याराज्यांच्या जोड्या लावून सांस्कृतिक देवाणघेवाण करण्याच्या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावण्यात आली.

अशा उपक्रमांत वेशभूषा आणि नाचगाण्याचा एक दिवस साजरा करण्याची रीत आहे. तीच सर्वांत कमकुवत. मुलीला बतुकम्मा हा तेलुगू फुलांच्या सणाचा फेर खेळायला आणि मुलाला शेरवानी घालून कव्वाली म्हणायला उभे केले की प्रेक्षकांच्या मनातला साचा पक्का होतो. त्यापेक्षा चार माध्यमांच्या मुलांच्या मिश्र गटांनी आपापल्या गल्लीतल्या पाण्याची पाहणी करावी. उजनी धरणाचे पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येते आणि या प्रश्नापुढे सगळ्या वस्त्या सारख्या आहेत. कोणत्या गल्लीत किती वेळ पाणी आले याची नोंद प्रत्येक गटाकडे असेल, पण नकाशा सगळ्यांच्या नोंदी आल्यावरच बनेल. हुरड्याच्या दिवसांत एकमेकांच्या घरी मुक्काम ठेवला, तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर घरातली माणसेही ओळखीची होतात.

निवडीत मोठी मेख आहे. परदेशी योजनांची मुलाखत बहुधा इंग्रजीतून होत असल्याने विडी कामगार किंवा यंत्रमाग कामगाराच्या मुलापर्यंत ती क्वचितच पोहोचते. गेलेला विद्यार्थी परतल्यावर त्याचे काय होते, याकडेही फारसे लक्ष दिले जात नाही. तो आपल्या शाळेत आठवड्याला एक तास जरी धाकट्या मुलांशी बोलला, तर एका विद्यार्थ्यावर झालेल्या खर्चाचा लाभ अनेक वर्गांना मिळतो. आणि ही जबाबदारी निवडीच्या वेळीच लेखी ठरवून घ्यावी लागते.