विनिमय विद्यार्थ्यांचे नेतृत्व प्रशिक्षण

विद्यार्थी विनिमय कार्यक्रमातून परदेशी गेलेल्या मुलामुलींना, मायदेशी परतल्यावर आपल्या गावात, वस्तीत किंवा शाळेत एखादे लोकोपयोगी काम उभे करता यावे, यासाठी परदेशातल्या मुक्कामातच दिले जाणारे प्रशिक्षण. कोणता प्रश्न हाती घ्यायचा, तो खरोखर लोकांना जाणवणारा प्रश्न आहे का हे कसे ताडून पाहायचे, सोबती कसे मिळवायचे, पैशांचा हिशेब कसा ठेवायचा आणि आपण बाजूला झाल्यावर काम कोण चालवील, हे त्याचे मुख्य विषय. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या खर्चाने चालणाऱ्या कार्यक्रमांत या प्रशिक्षणाची पद्धतशीर घडी बसली, म्हणून या नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

पूर्वपीठिका : शालेय विद्यार्थ्यांच्या विनिमयाची आज रूढ असलेली रीत दुसऱ्या महायुद्धानंतरची. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ हे मुळात पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या स्वयंसेवी रुग्णवाहिका-चालकांचे पथक. दुसऱ्या महायुद्धातही त्याने हेच काम केले. युद्ध संपल्यावर स्टीफन गलाटी यांच्या पुढाकाराने या चालकांनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण हाती घेतली आणि १९४७ साली पहिले विद्यार्थी अमेरिकेत पोहोचले. त्याच सुमारास, १९४६ मध्ये, अमेरिकेत परदेशी शिक्षण-संशोधनासाठीच्या फुलब्राइट शिष्यवृत्त्यांचा कायदा झाला. भारताशी त्याविषयीचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. परक्या घरात राहून, त्यांच्या ताटात जेवून आलेल्या माणसाच्या मनात त्या देशाविषयी वैर उरणार नाही, ही त्या काळातली श्रद्धा. ती खोटी ठरली असे म्हणता येणार नाही, पण परतल्यावर त्या माणसाने काय करायचे हा प्रश्न तिच्यात मागेच राहिला.

तो पुढे आला सोव्हिएत संघ कोसळल्यावर. १९९२ च्या कायद्यान्वये सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या आग्रहाने ‘फ्यूचर लीडर्स एक्स्चेंज’ अर्थात ‘फ्लेक्स’ हा कार्यक्रम आखला गेला. नागरिक आपण होऊन संस्था काढतात, वर्गणी गोळा करतात, नगरपालिकेच्या बैठकीत उभे राहून जाब विचारतात, हे पूर्वीच्या सोव्हिएत देशांतल्या मुलांनी डोळ्यांनी पाहावे आणि घरी जाऊन करून पाहावे, असा त्यामागचा विचार होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या देशांसाठी असाच कार्यक्रम ऑक्टोबर २००२ मध्ये स्थापन झाला. ‘यूथ एक्स्चेंज अँड स्टडी’, म्हणजे ‘यस’, हे त्याचे नाव आणि एडवर्ड केनेडी व रिचर्ड लुगर हे दोन सिनेटर त्याचे जनक. एक डेमोक्रॅटिक, दुसरा रिपब्लिकन. भारत या कार्यक्रमात आहे आणि इथली निवड ए.एफ.एस. इंडिया ही, वर आलेल्या अमेरिकन फील्ड सर्व्हिसच्या परिवारातली, संस्था करते. निवड झालेले विद्यार्थी साधारण १५ ते १७ वर्षांचे असतात आणि एक शैक्षणिक वर्ष अमेरिकन कुटुंबात राहून तिथल्या सरकारी किंवा खासगी हायस्कुलात शिकतात.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पाच-सहा आठवड्यांचे निवासी अभ्यासवर्गही आहेत, आणि तरुण कार्यकर्त्यांसाठी चार महिन्यांचा ‘कम्युनिटी सोल्यूशन्स’ कार्यक्रमही आखला गेला. जपान सरकारच्या पुढाकाराने १९७४ पासून निघणाऱ्या आग्नेय आशियाई युवा जहाजावरही, परतल्यानंतर करायच्या कामाची आखणी जहाजावरच केली जाते. रोटरीच्या जगात ‘रायला’ हे युवा नेतृत्व शिबिर १९५९ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये सुरू झाले आणि १९७१ मध्ये रोटरी इंटरनॅशनलने ते आपलेसे केले. रोटरी युवा विनिमयही चालवते, पण ‘रायला’ हे त्याहून वेगळे काम आहे.

प्रशिक्षणाचा क्रम : वर्षभराच्या कार्यक्रमात हे प्रशिक्षण एका जागी नसते. निघण्यापूर्वीच्या शिबिरात त्याचे सूतोवाच होते. अमेरिकेत पोहोचल्यावर विद्यार्थी स्थानिक स्वयंसेवी कामात पडतात : गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या अन्नपेढीत डबे लावणे, वृद्धाश्रमात वाचून दाखवणे, नोव्हेंबरातल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताहात स्वतःच्या देशाविषयी वर्गांमधून बोलणे, एप्रिलमधल्या जागतिक युवा सेवा दिनाला एखादा छोटा उपक्रम स्वतः चालवणे. हिवाळ्याच्या शेवटी निवडक विद्यार्थी वॉशिंग्टनमधल्या नागरी शिक्षण सप्ताहाला जातात. परतीच्या तोंडावर पुनरागमन शिबिर होते आणि कच्च्या आराखड्याला तिथे शेवटचा हात फिरवायचा असतो.

या साऱ्यात अन्नपेढीतले काम सर्वांत जास्त शिकवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिथे विद्यार्थ्याला कामाची आतली बाजू दिसते : आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता कोण लावते, स्वयंसेवक आला नाही तर फोन कोण करते, दात्याला पोचपावती कधी जाते. सभागृहातले कोणतेही भाषण हे दाखवू शकत नाही.

आशय आणि पद्धती : अनेक ठिकाणी सुरुवात गोष्टीने होते. मार्शल गँझ हे सेझार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत सोळा वर्षे काम करून पुढे हार्वर्डमध्ये शिकवू लागले. त्यांची ‘माझी गोष्ट, आपली गोष्ट, आत्ताची गोष्ट’ ही मांडणी नेतृत्व प्रशिक्षणात सर्वदूर पसरली आहे. मी या कामात का पडलो, आपणा सर्वांना काय जोडते, आणि आजच काय करायला हवे, अशा तीन टप्प्यांत प्रत्येकाने काही मिनिटांत बोलायचे. सतरा वर्षांच्या मुलाला पुढे सरपंचासमोर किंवा मुख्याध्यापकांसमोर उभे राहायचे असते, तेव्हा ही तयारी कामी येते.

त्यानंतर येतो समस्यावृक्ष. मोठ्या कागदावर झाडाचे खोड काढून त्यावर मूळ तक्रार लिहितात, फांद्यांवर परिणाम आणि मुळांवर कारणे. समजा, मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीने खोडावर लिहिले, ‘आठवीपुढच्या मुली शाळेत अनियमित येतात.’ पहिल्या मुळावर ती सहज लिहील, ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही.’ जाणता प्रशिक्षक इथे थांबवतो. हे तुला कोणी सांगितले? अनियमित म्हणजे महिन्यातले कोणते दिवस? मग मुळे खाली जाऊ लागतात : स्वच्छतागृह आहे पण कुलूपबंद, कुलूप आहे कारण पाणी नाही, पाणी नाही कारण टाकीवर चढवणारी मोटर जळालेली, मोटर दुरुस्त होत नाही कारण खर्च शाळेने करायचा की ग्रामपंचायतीने, हे ठरलेले नाही. पहिल्या मुळावरून निघाली असती तर ती पालकांचा मेळावा भरवून मोकळी झाली असती. आता तिला एक मोटर आणि एक निर्णय हवा आहे. दोन्ही गोष्टी तिच्या आवाक्यातल्या आहेत.

तिसरी पद्धत १९९३ साली जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून मांडली. वस्तीत काय नाही याची यादी करण्याआधी काय आहे याची यादी करा, असे तिचे सूत्र. माणसांची कौशल्ये, मंडळे, संस्था, मोकळ्या जागा, सगळे नकाशावर मांडायचे. आपल्याकडच्या गावाचा असा नकाशा केला तर त्यात निवृत्त गुरुजी येतील, महिला बचत गट, गणेश मंडळ, दिवसा रिकामे असणारे समाजमंदिर, वायरमन, आशाताई येतील. परदेशी राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा नकाशा विशेष गरजेचा, कारण दूरवरून गावातल्या उणिवाच ठळक दिसतात. अमेरिकन शाळेचे वाचनालय, तिथला व्यायामशाळेचा चकाकता मजला रोज पाहणाऱ्या मुलाच्या मनात घरच्या शाळेविषयी लाज शिरते. त्या लाजेतून काढलेला प्रकल्प गावकऱ्यांना लगेच ओळखू येतो आणि ते हळूच पाठ फिरवतात.

शेवटी वेळापत्रक आणि अंदाजपत्रक. मुलांच्या अंदाजपत्रकात नेमकी एक गोष्ट राहून जाते : वस्तुरूप मदत. फुकट मिळालेले सभागृह, शेजारच्या काकूंनी केलेला चहा, छापखान्याने न घेतलेले पैसे, या सगळ्यांची किंमत लावून ती हिशेबात दाखवायला चांगला प्रशिक्षक शिकवतो. त्यामुळे देणगीदाराला गावाचा वाटा दिसतो, आणि त्याहून महत्त्वाचे, गावालाही आपला वाटा कागदावर दिसतो.

गुणदोष : या प्रशिक्षणाची खरी अडचण अंतराची आहे. आराखडा होतो ओहायोत किंवा ओरेगनमध्ये, इंग्रजीत, आणि अंमल व्हायचा असतो भलत्याच ठिकाणी. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्यापैकी कोणीही त्या खोलीत नसते. त्यामुळे परदेशात लिहिलेला कोणताही आराखडा घरच्या माणसांना विचारेपर्यंत केवळ अंदाज असतो. हे ज्या कार्यशाळेत स्पष्ट सांगितले जाते, ती कार्यशाळा चांगली. मुलांनी तिथूनच घरी फोन लावावेत, आईला, वर्गशिक्षकांना, शेजारच्या दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत आणि आराखडा बदलावा, एवढी सोय करणे मुळीच कठीण नाही. फोन लावल्यावर अर्ध्याअधिक कल्पना बदलायला लागल्या तर ते प्रशिक्षणाचे यश मानायला हवे.

दुसरा दोष एकदिवसीय उपक्रमांचा. वृक्षारोपण, वह्यावाटप, जागृती फेरी यांची छायाचित्रे सुरेख येतात, पण जूनमध्ये लावलेल्या रोपाला मार्चमध्ये पाणी कोण घालणार हे आराखड्यात लिहिलेले नसते. ‘नेता’ या कल्पनेचाही पुनर्विचार व्हायला हवा. पुढे उभा राहून बोलणारा तो नेता, असा समज मुले सोबत घेऊन येतात. यादी ठेवणारी, वेळेवर येणारी, भांडण मिटवणारी मुलगी त्यांना नेता वाटत नाही. वास्तविक काम तिच्यामुळेच टिकते.

पुनरागमन : परदेशातील मुक्कामात मन आधी हरखते, मग खचते आणि पुढे सावरते, असा चढउतार नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिस्गार्ड यांनी १९५५ मध्ये फुलब्राइट विद्वानांच्या अभ्यासातून दाखवला. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने त्याला पुढचा भाग जोडला : घरी परतल्यावर तोच चढउतार पुन्हा येतो. नेमक्या याच खचण्याच्या महिन्यांत विद्यार्थ्याने प्रकल्प सुरू करावा अशी अपेक्षा असते. ती वाजवी नाही. पहिले दोन-तीन महिने ऐकण्यात, भेटीगाठींत घालवू द्यावेत.

यस आणि फ्लेक्सच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या व्हिसाच्या नियमानुसार दोन वर्षे मायदेशी राहणे बंधनकारक असते. शिष्यवृत्तीला परतण्याची अट जोडणे मराठी वाचकाला नवीन नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार झाला होता. बाबासाहेब १९१७ मध्ये त्या सेवेत रुजूही झाले. पण कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत, आणि पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावले गेले. बडोदा सोडावे लागले. शिकून आलेला माणूस कितीही तयारीचा असला, तरी परतलेल्या जागी त्याची जात, लिंग, वय त्याच्या आधी पोहोचलेले असते. प्रशिक्षणात या गोष्टींवर उघडपणे बोलले गेले पाहिजे. गावी गेल्यावर तुझे कोण ऐकेल, कोण ऐकणार नाही, आणि तुझ्या वतीने कोण बोलू शकेल, हे प्रश्न अंदाजपत्रकाच्या आधीचे आहेत.

महाराष्ट्रातील परिस्थिती : इथल्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण शैक्षणिक वर्षाची. अमेरिकन शाळा जूनच्या सुमारास संपते आणि महाराष्ट्रातली त्याच महिन्यात सुरू होते. परतलेला विद्यार्थी विमानतळावरून जवळजवळ थेट अकरावी-बारावीच्या धावपळीत शिरतो. वर्ष मागे पडल्याची खंत घरच्यांना असते, शिकवणीचे वर्ग सकाळ-संध्याकाळ खातात. म्हणून इथला आराखडा दिवाळीची सुट्टी आणि परीक्षेनंतरचा उन्हाळा धरून करावा लागतो. अठरा पूर्ण नसल्याने ग्रामसभेत त्याला मतही नसते. आई, काका किंवा शिक्षक यांपैकी कोणाला तरी विषय मांडायला तयार करावे लागते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर, त्याला जे परदेशात शिकवले गेले त्यातले पुष्कळसे घराजवळच नांदत असते. पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी गावोगावच्या लोकांना प्रशिक्षण दिले. त्यानंतर गावाने एकत्र शिवारफेरी काढून ओढे, उतार, जुने बंधारे पायी फिरून पाहायचे आणि मग काम ठरवायचे. वस्तीचा नकाशा करण्याचे याहून उत्तम उदाहरण अमेरिकन हस्तपुस्तिकेत सापडणे अवघड. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतर्फे २००६ पासून ‘निर्माण’ ही युवक-युवतींची शिबिरे चालतात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून आहे. तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिरही असते. परतलेल्या विद्यार्थ्याने स्वतःची नवी संस्था काढण्यापेक्षा कॉलेजातल्या योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे. त्यांच्याकडे माणसे, दत्तक गाव आणि शिबिराची तारीख आधीच ठरलेली असते.

निधी : हे कार्यक्रम अमेरिकन काँग्रेसच्या वार्षिक तरतुदीवर चालतात, त्यामुळे राजकारणाचे हेलकावे त्यांना बसतात. रशिया २०१४ मध्ये फ्लेक्समधून बाहेर पडला. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे विद्यार्थ्यांना वर्ष अर्धवट सोडून मायदेशी पाठवावे लागले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने विनिमय कार्यक्रमांचे अनुदान काही काळ रोखले. माजी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी २०११ मध्ये एक स्वतंत्र स्पर्धात्मक निधीही सुरू झाला. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी गट करून अर्ज करायचा असतो.