ठेका-बटई (विदर्भ)

शेतमालकाने आपली जमीन सालभरासाठी दुसऱ्याला कसायला देण्याची विदर्भातील प्रथा. ठेक्यात (काही भागांत ‘मक्ता’) एकरी रोख रक्कम ठरते. बटईत पिकाची वाटणी होते, बहुधा निम्मी. बोली गुढीपाडव्याच्या आगेमागे, बहुतेक तोंडीच होते.

उगमाविषयी एकमत नाही. १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीत वऱ्हाडातील जमिनी सावकारांकडे गेल्या व त्यातून ही प्रथा वाढली, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार वाटणीची शेती त्याहून जुनी असून तेजीने तिला रोख ठेक्याचे वळण दिले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. यवतमाळकडील ‘इजारा’ नावाची गावे ठेक्याच्या उगमाचा पुरावा म्हणून दाखवली जातात. मात्र ती १८६५ च्या सुमारास पडीक जमिनींच्या नियमांखाली दीर्घ मुदतीने दिलेली गावे होत. सालाच्या ठेक्याशी त्यांचा संबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

या प्रथेवरून आज होणाऱ्या तंट्यांचे मूळ १९५८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ विभाग) अधिनियमात आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, तो घरचा किंवा मजुरीवरचा माणूस नसल्यास, कूळ मानला जातो. १ एप्रिल १९६१ पासून कुळांकडे मालकी जाण्याची तरतूद झाली. तेव्हापासून ‘कूळ लागेल’ ही धास्ती मालकाच्या मनात आहे. म्हणून तो कागद करत नाही, दर एक-दोन सालांनी ठेकेदार (ठेक्याने जमीन कसणारा) बदलतो. विधवा आणि नोकरीनिमित्त बाहेर असलेले लहान मालक यांच्या बाबतीत ही धास्ती समजण्यासारखी आहे.

भार मात्र कसणाऱ्यावर पडतो, आणि तो अन्यायाचा आहे. सातबाऱ्यावर पराटी (कापसाचे पीक) दिसते, ती पेरणारा दिसत नाही. गारपिटीनंतर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा बांधावर ठेकेदार उभा असतो, पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. पीककर्ज मिळत नाही. हमीभावाच्या केंद्रावर कापूस न्यायला मालकाचा सातबारा मागावा लागतो. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणाऱ्या १ लाख रुपयांच्या मदतीसाठीही कुटुंबात कोणाच्या तरी नावे शेती असावी लागते.

आदिवासींच्या जमिनींना वेगळा नियम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार अशी जमीन बिगर-आदिवासीला ५ वर्षांपर्यंत पट्ट्याने द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तोंडी ठेक्याला तेथे आधार नाही.