सिक्लिड, मत्स्यपेटीतील : वन्यमूळाचा शोध

मत्स्यपेटीत पाळल्या जाणाऱ्या सिक्लिडी कुलातील माशांचे पूर्वज निसर्गातील नेमक्या कोणत्या नदीतून, सरोवरातून किंवा सरोवरकाठच्या कोणत्या खडकाळ पट्ट्यातून आले, हे ठरविण्याचा अभ्यास. या कुलातील सुमारे १,७०० जातींचे शास्त्रीय वर्णन झालेले असून वर्णनाची वाट पाहणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण व मध्य अमेरिका, पश्चिम आशियाचा काही भाग, दक्षिण भारत व श्रीलंका असा कुलाचा नैसर्गिक पसारा आहे. कुलाचा उगम गोंडवन खंड फुटण्यापूर्वीचा की नंतरचा, हा वाद निराळा असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

मूळ शोधताना पहिली अडचण नावांचीच येते. ‘क्रिबेन्सिस’ म्हणून सर्वत्र ओळखला जाणारा लालसर पोटाचा लहान मासा म्हणजे पेल्विकाक्रोमिस पल्चर. तो दक्षिण नायजेरियातील, नायजर नदीच्या मुखप्रदेशाच्या आसपासचा. कॅमेरूनच्या किनाऱ्यावरील क्रिबी गावाचे नाव शास्त्रीयदृष्ट्या त्याच्या भावकीतील दुसऱ्याच जातीला दिलेले आहे. ती जात दीर्घकाळ पे. टीनिएटस या जातीत विलीन मानली जात होती आणि २०१४ मध्ये तिला पुन्हा स्वतंत्र स्थान मिळाले. व्यापारी नावावर विसंबून या माशाचे घर क्रिबीला शोधणारा म्हणूनच चुकीच्या देशात पोहोचतो. ऑस्कर माशाची कथा याहून जुनी आहे. लुई आगासी यांनी १८३१ मध्ये त्याचे वर्णन करताना तो समुद्रातील मासा समजून लोबोटिस या सागरी प्रजातीत घातला होता. प्रत्यक्षात तो ॲमेझॉन खोऱ्यातील गोड्या पाण्याचा रहिवासी आहे. भारतातील एट्रोप्लस सुरातेन्सिसच्या नावात सुरत आहे, पण त्याचा मुख्य वावर दक्षिण भारत व श्रीलंका येथील मचूळ पाण्यात आहे.

एंजल माशाचे (टेरोफायलम) मूळ अजूनही पूर्ण उलगडलेले नाही. टे. स्कॅलरेचे वर्णन १८२३ मधील आहे. जिवंत मासे मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जर्मनीत पोहोचले. पुढे १९२८ मध्ये एर्न्स्ट आल यांनी टे. आइमेकेई ही निराळी जात सुचविली. आज ती बहुतेक अभ्यासक स्कॅलरेतच धरतात. जुने पालक मात्र पाळीव एंजलला ‘स्कॅलरे आणि आइमेकेई यांचा संकर’ म्हणत आले. आइमेकेई ही स्वतंत्र जात नसेल, तर तो एकाच जातीतील निरनिराळ्या नद्यांच्या माशांचा संगम ठरतो, आणि तेच अधिक संभवनीय दिसते. टे. आल्टम या ओरिनोको खोऱ्यातील व रिओ नेग्रोच्या वरच्या भागातील जातीचे रक्त पाळीव वंशात कितपत आले, हा वेगळा प्रश्न. खऱ्या आल्टमच्या तोंडाच्या वर, कपाळ सुरू होते तिथे, स्पष्ट खाच असते. अंग उंचीला जास्त आणि खवले संख्येने अधिक व बारीक असतात. केवळ लांब परांवरून आल्टम म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांत ही खाच बहुधा दिसत नाही.

डिस्कसच्या (सिंफिसोडॉन) बाबतीत वाद जास्त गुंतागुंतीचा आहे. योहान नाटेरर यांनी ब्राझीलमध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवरून हेकेल यांनी १८४० मध्ये सिं. डिस्कसचे वर्णन केले. त्याच्या अंगावरील नऊ उभ्या पट्ट्यांपैकी पहिला, पाचवा व नववा पट्टा ठळक असतो, आणि मधला पाचवा तर शाईने ओढल्यासारखा. पेलग्रँ यांनी १९०४ मध्ये ‘सारख्या पट्ट्यांचा’ अशा अर्थाने इक्विफॅसिएटस हा प्रकार वेगळा केला. पण त्यांचे मूळ नमुने ॲमेझॉन खोऱ्यातील तेफे व सांतारें अशा एकमेकांपासून फार दूरच्या ठिकाणचे होते, आणि पुढील सगळा गोंधळ येथूनच सुरू झाला. १९६० मध्ये शुल्ट्झ यांनी हिरवा, निळा व तपकिरी असे उपप्रकार मांडले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५९ मध्ये, लायन्स यांनी टार्झू हे नाव दिले होते. २००६ मध्ये रेडी, फेरेरा व कुलांडर यांनी टार्झू ही पश्चिम ॲमेझॉनमधील जात पुन्हा मान्य केली आणि इक्विफॅसिएटस हे नाव पूर्वेकडील माशांसाठी राखले. पुढच्याच वर्षी ब्लेहर व सहकाऱ्यांनी उलट मांडणी केली : इक्विफॅसिएटस म्हणजे पश्चिमेकडील हिरवा मासा आणि निळा-तपकिरी तो सिं. हाराल्डी. परिणामी जाती तीनच, पण इक्विफॅसिएटस हे एकच नाव दोन लेखांत दोन वेगळ्या माशांना लागू होते. म्हणून डिस्कसच्या वन्यमूळाविषयी लिहिताना जातीच्या नावापेक्षा नदीचे नाव देणे अधिक सुरक्षित. तेही पुरेसे असतेच असे नाही : पेरूतील नानाय नदीतले हिरवे डिस्कस हे तेफेकडून आणून सोडलेल्या माशांची संतती मानले जातात.

मलावी आणि टांगानिका सरोवरांतील खडकांवर राहणाऱ्या जातींत ठिकाणाला आणखी महत्त्व येते. हे मासे मधले वाळूचे पट्टे किंवा खोल पाणी सहसा ओलांडत नाहीत, त्यामुळे काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या खडकावर तीच जात निराळ्या रंगात आढळते. टांगानिकातील ट्रोफियसचे रंगप्रकार म्हणूनच गावांच्या वा भूशिरांच्या नावांनी ओळखले जातात. मलावीतील लॅबिडोक्रोमिस सेरुलियसचे पहिले वर्णन १९५६ मधील असून नावाचा अर्थ ‘निळा’ असा आहे. पेट्यांत सर्वत्र दिसणारा पिवळाधमक प्रकार मात्र सरोवराच्या वायव्य काठावरील एका छोट्या पट्ट्यातून आलेला आहे. या सरोवरातही मूळ स्थाने निर्भेळ राहिलेली नाहीत. केप मॅक्लिअरजवळच्या थंबी वेस्ट बेटाभोवती शोभेच्या माशांच्या व्यापारातून इतर ठिकाणचे अनेक म्बुना (खडकांवर राहणारे मलावी सिक्लिड) मासे सोडले गेले, आणि ते आज तेथे नांदत आहेत. तेथून ‘वन्य’ म्हणून पकडलेला मासा वन्य असतो, पण तो तेथलाच असेल असे नाही.

अशा वेळी जनुकीय तपासणीने निर्णय होईल, अशी अपेक्षा असते. ती मर्यादितच पुरी होते. तंतुकणिकेतील (पेशीतील मायटोकाँड्रियातील) डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर माशात बापाची जात त्यातून दिसत नाही. शिवाय मलावीतील जाती इतक्या अलीकडे विभक्त झाल्या आहेत की पूर्वजांतील जनुकीय विविधता अनेक जातींमध्ये सामायिक उरली आहे. मोरन व कॉर्नफील्ड यांनी १९९३ मध्ये म्बुना गटात हे दाखवून दिले. केंद्रकीय जनुकांचे अनेक तुकडे एकत्र तपासले तर चित्र बरेच स्पष्ट होते, पण तुलनेसाठी ठिकाण निश्चित असलेले वन्य नमुने हाताशी असावेच लागतात. नमुन्यांची नोंदच नसेल तर प्रयोगशाळा फार पुढे जाऊ शकत नाही.

मध्य अमेरिकेतील झेब्रा पट्ट्यांच्या कॉन्व्हिक्ट माशाची २००७ मध्ये अनेक जातींत विभागणी सुचविली गेली. ती सर्वांना मान्य नाही. निकाराग्वातील मिडास व रेड डेव्हिल यांचे पाळीव वंश बहुधा मिसळलेले आहेत. काही माशांना तर वन्यमूळच नाही : तैवानमध्ये १९८० च्या दशकात निर्माण झालेला ब्लड पॅरट आणि मलेशियातील फ्लॉवरहॉर्न हे माणसाने घडविलेले संकर आहेत. ब्लड पॅरटचे जनक मिडास व रेडहेड असावेत असे मानतात. पैदासकारांनी मात्र ही माहिती दीर्घकाळ गुप्त ठेवली.

व्यवहारात माशासोबत ठिकाणाची व पिढीची खूण चालते. वन्य पकडलेल्या माशाला एफ-०, त्याच्या थेट पिल्लांना एफ-१, पुढच्यांना एफ-२ म्हणतात. ही खूण पिढ्या मोजते. दोन्ही पालक एकाच ठिकाणचे होते की नाही, हे सांगत नाही. दोन वेगळ्या खडकांवरच्या माशांची पिल्लेही एफ-१ ठरतात. म्हणून पकडल्याचे ठिकाण, वर्ष आणि आणणाऱ्याचे नाव ही तीन माहितीची टोके एकत्र असलेली चिठ्ठी पिढ्यांच्या आकड्यापेक्षा मोलाची होय. आणि ती चिठ्ठी एकदा हरवली, की माशाच्या अंगावरून पुन्हा लिहिता येत नाही.

चिठ्ठी टिकली तर काय होते, हे मादागास्करमधील टायकोक्रोमिस इन्सॉलिटसच्या बाबतीत दिसले. २००६ मध्ये वर्णन झालेली ही जात मांगाराहारा नदीची. पाणी वळविल्याने नदीचे पात्र बरेचसे आटले. २०१३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडे उरलेले मासे सगळे नर होते, आणि मादीसाठी जगभर आवाहन करण्यात आले. मूळ ठिकाण माहीत असल्याने त्याच वर्षी शोधपथक त्या खोऱ्यात गेले व मुख्य नदीपासून तुटलेल्या एका उपप्रवाहात त्यांना या जातीचे मोजके मासे जिवंत सापडले.