टर्नटेबलखालचे टोकदार पाय कंपने अडवत नाहीत

टर्नटेबलच्या (रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राच्या) स्टँडला धातूचे टोकदार पाय लावले की जमिनीची कंपने वर येत नाहीत, हा समज बरीच वर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. असे पाय स्टँडला जमिनीशी घट्ट जोडतात, त्यामुळे तो डुगडुगत नाही हे खरे, पण कंपनांची वाट मोकळीच राहते.

कंपने अडवण्यासाठी वजन आणि लवचीक आधार यांची जोडी लागते, आणि तीही आपल्या नैसर्गिक वारंवारतेच्या (धक्का दिल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा आपोआप हलते, त्या हर्ट्झमधल्या आकड्याच्या) सुमारे १.४ पटींहून वरचीच कंपने कमी करते; त्याखालची कंपने ती कमी तर करत नाहीच, उलट नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास वाढवते. स्प्रिंग वजनाखाली १ सेंटीमीटर दबली, तर ही वारंवारता सुमारे ५ हर्ट्झ येते. १ मिलिमीटरच दबली, तर सुमारे १६. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) यांचा अनुनाद, म्हणजे ज्या वारंवारतेला ते सर्वांत जास्त हलतात ती, साधारणपणे ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावा लागतो, म्हणून जेमतेम दबणारे कडक रबर नेमक्या याच पट्ट्यातील कंपने वाढवून सुईपर्यंत पोचवते.

जमीन लाकडी असून पावलांनी हलत असेल, तर माझ्या मते भक्कम भिंतीत बसवलेली फळी कोणत्याही महागड्या पायांपेक्षा सरस ठरते.