आजारी किड्याची वीण : एका शब्दाचा घोळ

पावसाळ्यात इंदुरातल्या केळ्यांच्या ठेल्यांवर चिलटं घोंघावतात. आजार किंवा शत्रू समोर आला की कीटक वीण कशी बदलतात, या विषयावरचं बरंचसं काम त्यांच्याच जातकुळीतल्या फळमाशीवर झालं आहे. ती बदलते, हे आता कुणी नाकारत नाही. भांडण आहे ते त्याला ‘अंतिम गुंतवणूक’ म्हणायचं का, याचं.

मूळ विचार १९६६चा : ज्या जीवाचं आयुष्य थोडंच उरलंय, त्याने हातचं राखून न ठेवता आताच्या विणीवर खर्च करावा. १९८१मध्ये तसं वागणाऱ्या गोगलगायी सापडल्या. ज्या कृमीमुळे त्या पुढे वांझ होतात, त्याची लागण होताच त्या घाईने जास्त अंडी घालत होत्या.

‘अंतिम गुंतवणूक’ हा शब्द मात्र १९८४चा, आणि तो आला स्कॉटलंडच्या एका बेटावरच्या तांबड्या हरणांवरून. तिथे रोगाचा संबंध नव्हता, विषय म्हाताऱ्या माद्यांचा होता. पुढे तो आजारी किड्यांना चिकटला. गुंतवणूक म्हटलं की सराफ्यात गादीवर बसून हिशेब करणारा कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. रातकिडा असा हिशेब करतो का?

१९९९च्या प्रयोगात रातकिड्याच्या माद्यांना जिवाणूंची लागण केली, तर त्यांनी जास्त अंडी घातली. पण ज्यांच्या अंगात परजीवी माशीच्या अळ्या वाढत होत्या, त्यांची अंडी वाढली नाहीत. या अळ्यांपासून तर मरण ठरलेलंच. म्हणजे मादीला मरण कळतं असं नव्हे. जिवाणूंनी प्रतिकारशक्ती चाळवली की तिच्या पाठोपाठ अंडाशयही जागं होतं, एवढंच मला त्यातून दिसतं. पिठातल्या भुंगेऱ्याचं तर उलटंच. फीतकृमी पोटात गेला की मादी कमी अंडी घालते, पण जास्त जगते. यात लाभ कुणाचा, भुंगेऱ्याचा की कृमीचा? ‘गुंतवणूक’ या शब्दात या प्रश्नाला जागाच नाही.

आपल्या ‘परजीवी’ या शब्दानेही गोंधळात भरच घातली आहे. फीतकृमीला यजमान (म्हणजे ज्याच्या अंगात तो राहतो तो जीव) जिवंत हवा असतो, तर सोयाबीनच्या इल्लीत (अळी म्हणा हवं तर) अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीच्या पिल्लांचं पोट भरलं की इल्ली मरतेच. दोघांना शब्द एकच.

फळमाशीच्या अळ्यांनाही अशाच इवल्या गांधीलमाश्या पोखरतात. २०१३मध्ये दिसलं की गांधीलमाशीची मादी नजरेस पडली की फळमाशी ६ टक्के अल्कोहोल असलेल्या खाद्यावर अंडी घालू लागते. अळ्यांना तेवढं अल्कोहोल सोसतं, शत्रूच्या पिल्लांना सोसत नाही. नर गांधीलमाशी दिसला तर काहीच बदल नाही, आणि आंधळ्या फळमाश्यांनाही फरक पडत नाही. इथे आई स्वतः आजारी नाही, नुसती सावध आहे. हाही प्रकार ‘अंतिम गुंतवणुकी’च्या खात्यात घालणारे आहेत, ते मला पटत नाही.

२०१५चं काम जास्त गुंतागुंतीचं. लागण झालेल्या फळमाश्यांच्या संततीत जनुकांची फेरजुळणी (अंडं बनताना होणारी जनुकांची नवी सरमिसळ) झालेल्यांचं प्रमाण वाढलं. फेरजुळणीच वाढली, असा समज होणं सोपं होतं. पण पुरावा वेगळं सांगत होता : फेरजुळणी नेहमीइतकीच होती, फक्त फेरजुळणी झालेली अंडी पुढच्या पिढीत जास्त पोचत होती.