बिनडोक ट्रेडर्सचा बाजार

बाजार नीट चालतो कारण लोक विचार करून भाव लावतात, असं आपण धरूनच चालतो. १९९३ साली धनंजय गोडे आणि श्याम सुंदर या संशोधकांनी हे तपासायला एक भन्नाट प्रयोग केला, कॉम्प्युटरमधे ट्रेडर बनवले आणि त्यांना अक्कल अजिबात दिलीच नाही.

एजंट-बेस्ड मॉडेल म्हणजे हेच. अख्ख्या बाजाराचं एक समीकरण मांडायचं नाही, प्रत्येक घेणारा-विकणारा म्हणजे एक छोटा प्रोग्राम, त्याला नियम द्यायचे, सोडून द्यायचं आणि काय होतंय ते बघत बसायचं.

समजा विकणाऱ्याला वस्तू ७० ला पडलीये, घेणाऱ्याला १०० पर्यंत परवडते. घेणारा १ ते १०० मधला कुठलाही आकडा ठोकून देतो, विकणारा ७० ते २०० मधला. ४३ आणि १५०, नाही जमलं. मग घेणाऱ्याचा ८८ निघाला, तो बोर्डावर राहिला आणि विकणाऱ्याचा आला ७९, झाला सौदा, आधी लागलेल्या ८८ ला. विकणाऱ्याला १८ सुटले, घेणाऱ्याचे १२ वाचले. स्ट्रॅटेजी, अंदाज, मागच्या सौद्यांची आठवण, काही म्हणजे काही नाही. (दोन्हीकडून भाव लागतात ही पद्धत आपल्या बीएसई-एनएसईच्या स्क्रीनवर दिसते तीच, फक्त फारच साधी करून.)

तरी बाजारातून जेवढा एकूण फायदा निघणं शक्य होतं त्याच्या ९७ टक्क्यांहून जास्त या बिनडोकांनी काढला, म्हणजे तशाच बाजारात खेळवलेल्या खऱ्या माणसांच्या तोडीस तोड! अट एकच, तोट्यात सौदा करायचा नाही. ती अट काढली की भाव वाट्टेल तिथे. अट असताना भाव ताळ्यावर का येतो, तर ज्यांना जास्त परवडतं आणि ज्यांना स्वस्तात पडलंय त्यांचेच सौदे बहुतेक आधी जुळतात, मागे उरतात ते काठावरचे, त्यांच्याकडे इकडेतिकडे करायला जागाच कमी, म्हणून भाव आपोआप आवळत जातो.

लगेच 'अक्कल नकोच' म्हणून नाचायला नको पण. १९९७ मधे डेव्ह क्लिफ या संगणकतज्ज्ञाने दाखवलं की मागणी-पुरवठा एकतर्फी असला की या मंडळींचा सरासरी भाव भरकटतो, मग त्याने त्यांना थोडं शिकायला लावलं, सौदा हुकला तर आपलं मार्जिन (म्हणजे धरलेला फायदा) जरा कमी कर, जास्त मिळू शकलं असतं तर जरा वाढव, एवढंच, आणि गाडी रुळावर आली.

शेअर बाजारात मात्र मुळात वस्तूची किंमत काय हेच कोणाला पक्कं माहीत नसतं, तिथे हे मॉडेल अपुरं पडतं. अमेरिकेतल्या सांता फे इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत ब्रायन आर्थर, जॉन हॉलंड वगैरे संशोधकांनी कॉम्प्युटरमधे खोटा शेअर बाजार बनवला, त्यातले एजंट स्वतःचे अंदाज बांधतात, चुकले की बदलतात. मला सगळ्यात मजा इथे वाटते: एजंट सावकाश शिकत असतील तर भाव योग्य किमतीच्या जवळपास राहतो, आणि भराभर नवनवीन अंदाज करून बघायला लागले की चार्ट बघून ट्रेडिंग सुरू होतं, फुगे येतात, बाजार आपटतो. हे सगळं कोणी मुद्दाम न घडवता, त्यांचं त्यांनीच.